उद्याचा नकाशा

(गावात रस्ता कुठून जाणार, शाळेची जागा कोणती, शेत कुठवर राहणार, हे पुष्कळ वर्षे आधी कागदावर ठरत असते. तो कागद कसा तयार होतो, तो कसा वाचावा आणि तो चुकला तर नागरिकांनी काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही पुष्कळ नकाशे पाहिले आहेत. नदी कुठे आहे, डोंगर कुठे आहे, रेल्वे कुठून जाते, हे त्यांत दाखवलेले असते. जे आज आहे ते दाखवणारे हे नकाशे. पण नकाशांचा आणखी एक प्रकार आहे. त्यात जे अजून नाही तेही दाखवलेले असते. आज जिथे भाताचे शेत आहे तिथे या नकाशात रुंद रस्ता असतो. आज जिथे मोकळे मैदान आहे तिथे ‘रुग्णालय’ असे लिहिलेले असते. हा उद्याचा नकाशा होय.

असे नकाशे कोणी काढायचे आणि कसे काढायचे, हे आपल्या राज्यात कायद्याने ठरवलेले आहे. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. एका शहरासाठी जी योजना करतात तिला ‘विकास आराखडा’ म्हणतात. एखादा जिल्हा किंवा काही तालुके मिळून जो मोठा प्रदेश होतो, त्याच्यासाठी ‘प्रादेशिक योजना’ करतात. अशी योजना पुढच्या वीस वर्षांचा विचार करून आखली जाते. आज तुम्ही नववीत असाल, तर ही योजना पुरी होईपर्यंत तुमची मुले शाळेत जाऊ लागतील!

हा नकाशा तयार कसा होतो? प्रथम पाहणी होते. कर्मचारी जागोजागी जाऊन कोणत्या जमिनीवर काय आहे ते नोंदवतात. त्यावरून ‘विद्यमान भूवापर नकाशा’ काढतात. भूवापर म्हणजे जमिनीचा उपयोग. घरांचा भाग बहुधा पिवळ्या रंगात, बाजार व दुकाने निळ्या रंगात, कारखाने जांभळ्या रंगात आणि बागा व मैदाने हिरव्या रंगात दाखवतात. त्यानंतर हिशेब मांडतात. वीस वर्षांनी इथे किती लोक राहतील? त्यांना किती पाणी, किती शाळा, किती दवाखाने लागतील? ते कामाला कुठे जातील आणि कशाने जातील? या प्रश्नांची उत्तरे शोधून दुसरा नकाशा काढला जातो. तो ‘प्रस्तावित भूवापर नकाशा’. ज्या जमिनीवर पुढे शाळा, बाग किंवा दवाखाना करायचा असेल तिच्यावर तशी खूण करून ठेवतात. तिला ‘आरक्षण’ म्हणतात.

यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जमीन आणि वाहतूक यांचा विचार एकत्रच करावा लागतो. नुसती घरे बांधली आणि रस्ता केला नाही, तर माणसे अडकून पडतात. नुसता रस्ता केला आणि जमिनीचे नियोजन केले नाही, तर रस्त्याच्या कडेला वाटेल तशी बांधकामे उभी राहतात. याचे एक मोठे उदाहरण आपल्या जवळच आहे. ते म्हणजे नवी मुंबई.

मुंबई हे उत्तर-दक्षिण पसरलेले चिंचोळे शहर. कचेऱ्या बहुतेक दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेकडे वाढत गेलेली. त्यामुळे रोज सकाळी सारी गर्दी एकाच दिशेने जाई आणि संध्याकाळी एकाच दिशेने परते. १९६१ साली शहराची लोकसंख्या ४१ लाखांवर होती. १९७१ साली ती ५९ लाखांवर गेली. एवढ्या लोकांना जागा कुठे द्यायची? १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक विचार मांडला. शहर उत्तरेकडेच लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे आणि तिथेच लोकांना कामही मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मुंबई प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना तयार झाली. तिला १९७३ साली मंजुरी मिळाली. त्या योजनेत हे नवे शहर होते. ते उभारण्यासाठी १९७० सालीच सिडको हे महामंडळ स्थापन झाले होते. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आराखडा काढण्यात आला. एकच मध्य न ठेवता रेल्वेमार्गाच्या कडेने लहान लहान उपनगरे वसवायची, अशी कल्पना होती. वाशी, नेरूळ, बेलापूर ही नावे तुम्ही ऐकली असतील.

कागदावर घरे आणि रेल्वे शेजारी शेजारी होती. प्रत्यक्षात मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या नाहीत. ठाणे खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ साली खुला झाला. वाशीत घरेही झाली. पण लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला पोहोचली ती १९९२ साली! मधली एकोणीस वर्षे लोक बसने किंवा मोटारीने खाडी ओलांडत होते. रेल्वे आल्यावर चित्र पालटू लागले. १९९१ साली नवी मुंबई महापालिकेच्या क्षेत्रात सुमारे तीन लाख लोक होते, ते २००१ साली सात लाखांवर गेले. या वाढीत रेल्वेचा वाटा मोठा होता. नकाशावरची एक रेघ वेळेवर पुरी झाली नाही, तर शेजारचा रंगही भरत नाही, हे यावरून दिसते.

या उदाहरणाची दुसरी बाजूही जाणून घ्यायला हवी. ज्या जमिनीवर नवे शहर काढले ती रिकामी नव्हती. तिथे ९५ गावांच्या जमिनी होत्या. भाताची शेते होती, मिठागरे होती. आगरी व कोळी बांधव तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. नकाशात रंग होते, पण त्या माणसांची नावे नव्हती. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासईच्या परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. शहर हवे होते, हे खरे. पण ज्यांच्या अंगणावरून रेघ जाते त्यांना आधी विचारले पाहिजे, हेही तितकेच खरे.

विचारायचे कसे? त्यासाठी कायद्यात सोय आहे. योजनेचा मसुदा तयार झाला, की तो लोकांना पाहण्यासाठी ठेवतात. वर्तमानपत्रात व राजपत्रात सूचना छापतात. त्या सूचनेत ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे शब्द असतात.

हे वाक्य वाचून तुम्ही थोडे चमकाल! उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. कोणी खोडी केली तर ‘ये कैसी हरकत है?’ असेही आपण म्हणतो. मराठीत मात्र ‘हरकत’ म्हणजे आक्षेप, विरोध. ‘काही हरकत नाही’ हे वाक्य तुम्ही बाजारात, बसमध्ये रोज ऐकता. त्याचा अर्थ ‘माझा विरोध नाही’ असा आहे. पण इतर शब्दांना मुळीच घाबरू नका. नकाशा, जमीन, जिल्हा, तालुका, रस्ता, इमारत, हद्द, मंजूर, मुदत, अर्ज हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. नकाशाच्या कामात मराठी आणि उर्दू कितीतरी वर्षे हातात हात घालून चालत आल्या आहेत.

लोकांनी हरकत घेतल्याने काही फरक पडतो का? होय, पडतो. मुंबई शहराच्या २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्याची गोष्ट पाहा. २०१२ साली विद्यमान भूवापर नकाशे लोकांपुढे आले, तेव्हा नागरिकांनी त्यांतल्या चुका दाखवून दिल्या. २०१५ साली आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यातही पुष्कळ चुका निघाल्या. काही ठिकाणी उभ्या इमारतींवरून रस्ते आखले होते. काही जुन्या, जपून ठेवण्याजोग्या वास्तूंची नोंद चुकली होती. हजारो नागरिकांनी हरकती लिहून दिल्या. अखेर मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ साली आला आणि २०१८ साली आराखडा मंजूर झाला. चूक शोधणारे सगळे काही इंजिनिअर नव्हते. त्यांत आपली गल्ली ओळखणारी साधी माणसेही होती.

नकाशातली चूक दिसायला लहान असते. समजा, नकाशाचे प्रमाण १:४००० आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर होतो. मग एक मिलिमीटर म्हणजे किती? चार मीटर! पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर सरकली, तर जमिनीवर रस्ता चार मीटर सरकतो. चार मीटरांत एखाद्याचे सारे घर मावते. म्हणून रेघ कुठून जाते ते नीट पाहिले पाहिजे.

आणि ते पाहणार कोण? कचेरीत बसलेल्या माणसाला तुमच्या वस्तीतली विहीर, कब्रस्तान, शाळेची मागची वाट, पावसाळ्यात भरून वाहणारा नाला कदाचित माहीत नसेल. तुम्हाला मात्र ते ठाऊक आहे. तुमच्या घरी कदाचित मराठी वाचणारे तुम्हीच पहिले असाल. सूचना मराठीत येते, हरकतीलाही मुदत असते आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. तेव्हा अशी सूचना दिसली, तर ती वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. नकाशात आपली गल्ली शोधा. चूक दिसली तर सोप्या मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायला त्यांना मदत करा. उद्याच्या नकाशात ज्या रस्त्यावरून तुम्हीच चालणार आहात, तो बरोबर काढला आहे की नाही, हे पाहणे तुमचेही काम आहे.

शब्दार्थ

आराखडा – योजनेचा कच्चा नकाशा
विद्यमान – आज असलेले
प्रस्तावित – पुढे करायचे ठरवलेले
चिंचोळे – अरुंद व लांब
मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
मोबदला – घेतलेल्या वस्तूबद्दल दिलेली किंमत
मसुदा – पक्का होण्याआधीचा लेख
राजपत्र – सरकारी सूचना छापणारे पत्र

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भूवापर म्हणजे काय?
(आ) प्रादेशिक योजना कोणासाठी करतात?
(इ) वाशीला लोकल गाडी कोणत्या साली पोहोचली?

२. कारणे लिहा.
(अ) जमीन आणि वाहतूक यांचा विचार एकत्र करावा लागतो.
(आ) २०१५ सालचा मसुदा दुरुस्त करावा लागला.

३. ‘हरकत’ हा शब्द मराठी अर्थाने वापरून दोन वाक्ये तयार करा.

४. नकाशाचे प्रमाण १:१०००० असेल, तर कागदावरचे ३ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे किती मीटर?

५. उपक्रम : आपल्या शाळेच्या परिसराचा विद्यमान भूवापर नकाशा काढा. पाठात सांगितलेले रंग भरा. नंतर दुसऱ्या कागदावर वीस वर्षांनंतरचा नकाशा काढा. तो वर्गात लावा आणि मित्रांकडून हरकती व सूचना मागवा.