पुढच्या लिलावापर्यंत हाड थांबत नाही

बेळगाव

चि. मुक्ता,

तंबाखूच्या लिलावाचे पैसे हाती आले की पिरियापट्टणातली माणसं तुझ्याकडे येतात आणि म्हणतात, ‘दात आत्ता काढा, नवा पुढच्या लिलावानंतर बसवू.’ त्यांचा हिशोब पैशाचा. हाडाचा तू करायचास. दात गेला की त्याला धरणारं हाड झिजू लागतं. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांत मिलिमीटरभरही जाड नसते. आधी तीच जाते. पुढच्या वर्षी पैसे असतील, पण इम्प्लांट रोवायला जागा नसेल.

म्हणून इम्प्लांटचं बोलणं दात काढण्याआधी. पेरिओटोमच्या पातळ पात्याने दाताचे बंध सोडव, दाढेची मुळं अलग करून एकेक काढ. बाहेरच्या भिंतीवर दात उचकटायचं एलेव्हेटर टेकवून जोर करणारे मी पुष्कळ पाहिले. नंतर महागडा ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागचा भराव, सुचवणारेही तेच! खोबण साफ कर, ग्राफ्टचे दाणे भर, पण ठासू नकोस, मधून रक्त खेळलं पाहिजे. वर मेम्ब्रेनचा पातळ पडदा, टाके, आणि साधारण चार ते सहा महिन्यांनी इम्प्लांट. याने झीज कमी होते, थांबत नाही. हे रुग्णाला स्पष्ट सांग. कवळीच बसवायची असेल, तर बहुतेकदा हा खर्च टाळता येतो. अक्कलदाढेच्या जागी इम्प्लांट बसवत नाहीत, तिथे तर प्रश्नच नाही.

तंबाखू पिकवणाऱ्याला ‘ओढू नका’ म्हणणं अवघड, तरी म्हण. बिडी-सिगारेटने जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर एचबीएवनसी ही साखरेची तपासणी बघितल्याशिवाय हात लावू नकोस.

आणखी एक, यावर फारसं कुणी बोलत नाही. बाजारातला बराच ग्राफ्ट गाईबैलांच्या हाडापासून बनतो आणि मेम्ब्रेनचं कोलॅजन गाईचं किंवा डुकराचं असतं. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी हे सांग. नको म्हणाले तर कॅल्शियम फॉस्फेटचा कृत्रिम ग्राफ्ट मिळतो, विरघळणारं कृत्रिम मेम्ब्रेनही मिळतं. संमतीपत्र कन्नडमध्ये छापून घे आणि सही घेण्याआधी वाचून दाखव.

तुझी,
आत्या