लहान पोलीस ठाणे आणि अनुदानाचे मार्ग

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा व दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि त्यावरील झेंड्यासाठी दोन्ही तीरांमध्ये गोटमार होते. जखमींची संख्या शेकड्यांत जाते. त्या दिवशी बाहेरून मोठे पोलीस दल येते, रुग्णवाहिका उभ्या राहतात, प्रतिबंधात्मक आदेश निघतात. दुसऱ्या दिवशी हे दल परत जाते. मागे राहते ते रोजचे ठाणे: मोजके कर्मचारी, लेखनाचे टेबल आणि दूरदूरच्या गावांची जबाबदारी. रात्री-अपरात्री तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाची गाठ या ठाण्याशीच पडते. म्हणून या ठाण्याला वाहन, जागा व साधने कोणत्या पैशातून मिळतात, हे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक या सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ठाणे स्वतः अर्ज का करीत नाही?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे पहिले दोन विषय आहेत. त्यामुळे पोलिसांचा मूळ खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून होतो. ठाणे हा राज्याच्या एकाच पोलीस दलाचा लहान घटक आहे. त्याला स्वतंत्र तिजोरी नाही आणि ते परस्पर केंद्र शासनाकडे अनुदान मागू शकत नाही. ठाण्याची गरज अनुविभागीय पोलीस अधिकारी, जिल्हा पोलीस अधीक्षक आणि भोपाळचे पोलीस मुख्यालय या क्रमाने वर जाते. मंजूर झालेली साधने त्याच क्रमाने खाली येतात.

सर्वच देशांत अशी रचना नाही. अमेरिकेत लहान नगराचेही स्वतःचे पोलीस दल असते व ते केंद्रीय अनुदानासाठी थेट अर्ज करू शकते. १९९४ च्या कायद्यानंतर तेथे नवीन शिपाई नेमण्यासाठी अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. परंतु या अनुदानात साधारणपणे तीन वर्षांच्या वेतनाचा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतचा भाग मिळतो, उरलेला भाग नगराने घालावयाचा असतो आणि मुदत संपल्यावर ते पद आणखी एक वर्ष स्वखर्चाने चालवावे लागते. अनुदान संपल्यानंतर काय, हा प्रश्न अर्ज करतानाच विचारला जातो. आपल्याकडील रचना वेगळी असली तरी हा प्रश्न आपणही विचारणे योग्य होईल.

पैसा कोणकोणत्या वाटांनी येतो?

पहिली वाट राज्याच्या अंदाजपत्रकाची. वेतन, इंधन, इमारत, गणवेश व दैनंदिन खर्च यांची तरतूद तेथेच असते.

दुसरी वाट पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची. ही केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालत आली आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी या छत्रयोजनेस २६,२७५ कोटी रुपयांची मंजुरी देण्यात आली. त्यापैकी ४,८४६ कोटी रुपये राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी होते. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांना यात ९० टक्के केंद्रीय साहाय्य मिळते. मध्यप्रदेश व महाराष्ट्र यांसारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. संपर्कसाधने, शस्त्रे, प्रशिक्षण, न्यायवैद्यक साहित्य अशा गोष्टी यातून घेतल्या जातात. प्रत्येक राज्य दरवर्षी आपला कृती आराखडा तयार करते. लहान ठाण्याची गरज या आराखड्यात पोचली तरच ती पुढे सरकते.

तिसरी वाट विशिष्ट हेतूच्या निधीची. २०१३ मध्ये स्थापन झालेला निर्भया निधी महिलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. या निधीतून २०१९ मध्ये देशातील १०,००० पोलीस ठाण्यांत महिला साहाय्य कक्ष उभारण्यासाठी १०० कोटी रुपये मंजूर झाले. ठाण्यामागे ही रक्कम सरासरी एक लाख रुपये होते.

चौथी वाट न्यायालयीन आदेशातून निघालेली आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात चित्रीकरणाचे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी राज्यांनी निधीची तरतूद करावी, असेही सांगितले. त्यावर देखरेखीसाठी जिल्हा पातळीवर समिती नेमावयाची आहे.

पाचवी वाट स्थानिक आहे. अंधारी वाट, बंद पडलेला दिवा, ओसाड बसथांबा यांचा सुरक्षिततेशी निकटचा संबंध असतो. मात्र ती कामे पोलिसांची नव्हेत. ग्रामपंचायत वा नगरपालिका आपल्या निधीतून दिवाबत्ती करू शकते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचा ४० टक्के भाग स्थानिक गरजांसाठी मोकळा ठेवला होता. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना १९९३ पासून चालू असून त्यात प्रत्येक खासदारास वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. सुचविलेले काम नियमांत बसते की नाही, हे कलेक्टर कार्यालयात आधी विचारून घ्यावे. शेजारच्या महाराष्ट्रात जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना वाहने व कॅमेरे देण्यात आले आहेत.

थोड्या पैशांतून काय साधते?

याचे उत्तम उदाहरण मध्यप्रदेशातच आहे. राज्यातील १८० ठाण्यांत पोलीस विभागाच्या सहकार्याने महिला साहाय्य कक्षांचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही ठाण्यांत कक्ष सुरू केले, काहींत ते महिला अधिकाऱ्यांकडे सोपविले आणि उरलेली ठाणी तुलनेसाठी पूर्वीसारखीच ठेवली. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली. फौजदारी गुन्ह्यांच्या नोंदीतील वाढ प्रामुख्याने महिला अधिकारी असलेल्या कक्षांत दिसून आली. २०२१ मध्ये 'ऊर्जा' या नावाने असे कक्ष राज्यातील ७०० ठाण्यांत सुरू करण्यात आले.

येथे गुन्ह्यांची नोंद वाढली, याचा अर्थ गुन्हे वाढले असा नव्हे. पूर्वी उंबरठ्यावरूनच परत जाणारी स्त्री आता आत येऊन बसू लागली, असा त्याचा अर्थ आहे. मात्र हा परिणाम केवळ टेबल-खुर्चीने साधलेला नाही. खाजगी बोलण्याची जागा, प्रशिक्षित अधिकारी, ठरलेली कार्यपद्धती आणि गावातील महिलांशी संपर्क या चारही गोष्टी तेथे एकत्र होत्या. माणूस न देता नुसते साहित्य दिले, तर कुलूपबंद खोलीपलीकडे काही उरत नाही.

मागणी कशी मांडावी?

'आमच्या ठाण्यास वाहन द्यावे' एवढे वाक्य मंजुरीस पुरेसे नसते. मागणीत पुढील गोष्टी असाव्यात: ठाण्याच्या हद्दीतील गावे, सर्वांत दूरच्या गावाचे अंतर, मंजूर व प्रत्यक्ष कर्मचारी, उपलब्ध वाहने, वर्षभरातील तक्रारी व अपघात, आणि यात्रा-सणांच्या बंदोबस्ताचे दिवस. हद्दीत गोटमारीसारखा प्रसंग येत असल्यास त्याची स्वतंत्र नोंद असावी. यासोबत इंधन, दुरुस्ती व चालक यांची व्यवस्था कशी होईल, हेही लिहावे. कॅमेऱ्याची मागणी असेल तर वीज व देखभाल यांचा खर्च कोण करणार, हे स्पष्ट असावे.

वेळेचे महत्त्वही तितकेच आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे मागणी त्याच्या काही महिने आधीच जिल्ह्याकडे गेलेली असावी. मिळालेल्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर न दिल्यास पुढील हप्ता अडतो. अखर्चित राहिलेला निधी हे पुढील मागणीविरुद्धचे सर्वांत मोठे कारण ठरते.

यात ग्रामस्थांचा वाटा मोठा आहे. तोंडी तक्रार करून परतणारा माणूस आकड्यांत येत नाही आणि आकड्यांत नसलेली गरज भोपाळपर्यंत पोचत नाही. कोतवार तसेच १९९९ च्या अधिनियमाखालील ग्राम रक्षा समितीचे सदस्य यांनी गावातील घटना वेळच्या वेळी ठाण्यास कळविल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

देणगीविषयी दोन शब्द

कधी कधी एखादा धनिक ठाण्यास पंखे, फर्निचर वा कॅमेरे देऊ करतो. हेतू चांगला असू शकतो. परंतु उद्या त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर ठाण्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका उत्पन्न होते. १८६१ च्या पोलीस अधिनियमात खर्च भरणाऱ्या व्यक्तीसाठी जादा पोलीस नेमण्याची आणि अशांत भागात जादा दलाचा खर्च रहिवाशांवर बसविण्याची तरतूद होती. लोककल्याणकारी राज्यात संरक्षण हे पैसे भरणाऱ्याचे नसून सर्वांचे असते. म्हणून अशी मदत ठाण्याने परस्पर घेऊ नये. ती वरिष्ठांच्या लेखी अनुमतीने, नोंदवहीत नोंद करूनच स्वीकारली जावी.

अभ्यासासाठी

शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून, तसेच ग्रामसभेत सरपंचांनी, पुढील प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत.

१. आपले गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते व ते किती अंतरावर आहे?
२. त्या ठाण्यात महिला साहाय्य कक्ष आहे काय? तेथे महिला अधिकारी कोणत्या वेळी असतात?
३. गावातील कोणत्या तीन ठिकाणी दिव्याची गरज आहे? त्यांपैकी कोणते काम पंचायतीच्या आराखड्यात घेता येईल?
४. गेल्या वर्षी गावात घडलेल्या किती घटना ठाण्यात नोंदविल्याच गेल्या नाहीत? त्याचे कारण काय?

२०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि सौंसरचा भागही त्यात आला. जिल्ह्याचे कार्यालय जवळ आले असल्याने सावरगाव व आसपासच्या गावांना आपली गरज मांडणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. ती नेमकेपणाने, लेखी आणि वेळेवर मांडली गेली, तर गोटमारीच्या एका दिवशी दिसणारी दक्षता वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही लहानशा ठाण्यात दिसू शकेल.