कंबरदुखी : अंगावर काढू नका, अंथरुणही धरू नका



गटाच्या बैठकीत सतरंजीवर बसलो की अर्ध्या तासात काय होतं ते बघा. एक ताई कंबरेवर हात ठेवून पाय लांब करते, दुसरी भिंतीला टेकते, तिसरी म्हणते, "बाई, आता बसवत नाही." आपण हसतो आणि हप्त्याच्या हिशेबाला लागतो.

पण या दुखण्याचाही हिशेब असतो. आमच्या प्रभागातल्या एका ताईंनी शेळी घ्यायला म्हणून गटातून कर्ज उचललं. शेळी काही दारात आली नाही. कंबर धरली की सुई, सुईचा असर उतरला की पुन्हा कंबर, असं करता करता सहा महिन्यांत ते पैसे दवाखान्यात गेले. कंबर होती तशीच, आणि वर हप्त्याचा बोजा. म्हणून या वेळचा पाठ कंबरदुखीचा.

जुनं दुखणं म्हणजे काय?

उसण भरली, लचक भरली तर ते दुखणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं तर त्याला जुनं दुखणं म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात बायका जास्त. म्हणजे आपण एकट्या नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या दुखण्यात कळ आली म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय असं नसतं. नसा हळव्या झालेल्या असतात, त्या थोड्या हालचालीलाही ओरडतात. मग आपण भीतीने हलायचं कमी करतो. स्नायू कमजोर पडतात, सांधे आखडतात आणि पुढच्या वेळी कमी कामातही जास्त दुखतं. एक्स-रेमध्ये "मणक्यात गॅप" निघाला म्हणूनही घाबरू नका. वयानुसार मणक्यांची झीज होतेच, आणि अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही ती दिसते.

सुई-गोळीने कळ थोडा वेळ दबते, स्नायूंत ताकद येत नाही. दुखण्याच्या गोळ्या सल्ल्याशिवाय रोज घेतल्या तर पोटात जखमा होतात, किडनीला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सूचना दिल्या, त्यात व्यायामाचा सल्ला आहे. कंबरेचा पट्टा मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापरू नका, असं सांगितलं आहे.

रोजचे चार व्यायाम

चटईवर करा. श्वास रोखू नका. सुरुवातीला प्रत्येक व्यायाम ५ वेळा, सकाळ-संध्याकाळ.

१. कंबर टेकवणे : उताणं झोपा, गुडघे वाकवा. पोट आत घेऊन कंबर हळूच जमिनीला टेकवा. ५ आकडे मोजा, सोडा.

२. गुडघा छातीशी : तसंच झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या. १० आकडे मोजा. मग दुसरा.

३. पूल : गुडघे वाकवून, पाय जमिनीवर रोवून ढुंगण वर उचला. ५ आकडे थांबा, हळू खाली या.

४. मांजर : हात आणि गुडघे टेकून ओणव्या व्हा. पाठ वर फुगवा, मग हळू खाली सोडा.

याशिवाय रोज १० मिनिटं चाला. "आम्ही दिवसभर चालतोच की!" असं म्हणाल. पण हे डोक्यावर, कडेवर ओझं न घेता, हात मोकळे सोडून चालणं आहे.

करताना थोडं ताणल्यासारखं, थोडं दुखल्यासारखं वाटलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर व्यायाम निम्मे करा, बंद करू नका. ठीक असेल तर दर आठवड्याला एक-दोन वेळा वाढवत १५ पर्यंत न्या. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काम वाटून करा

बरं वाटलं की आपण एकाच दिवसात धुणं, सारवण, दळण सगळं उरकतो आणि मग तीन दिवस पडून राहतो. हे टाळा. खुरपणीला बसलात तर २० मिनिटांनी उठून दोन पावलं चाला. मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळश्या, दोन्ही हातांत सारख्या. ओझं उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका, ओझं अंगाशी धरा. आणि पाणी भरणं हे एकट्या बाईचं काम नाही, हेही घरात सांगा.

हे दिसलं तर थांबू नका

पायातली ताकद गेली, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. कंबरदुखीबरोबर ताप येतो, वजन घटतंय, रात्री पडूनही कळ थांबत नाही, आधी टीबी किंवा कॅन्सर झालेला आहे, किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.

पिशवीबद्दल

"कंबर दुखते? पिशवी काढून टाका," असं कुणी सांगितलं तर घाई करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. नुसती कंबर दुखते हे पिशवी काढण्याचं कारण नाही. अंगावरून पांढरं जात असेल तर त्याची वेगळी तपासणी आणि औषधं असतात. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मगच ठरवा.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

आशाताईंनी त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात नेलं. तिथे व्यायाम शिकवले. पहिले पंधरा दिवस ताई म्हणत होत्या, "याने काय होतंय?" तीन महिन्यांनी त्या पुन्हा खुरपायला जाऊ लागल्या. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण महिन्याची सुई बंद झाली आणि थकलेला हप्ता सुरू झाला. शेळी पुढच्या वर्षी घेणार म्हणतात.

व्यायाम हा आपल्या बचतीसारखाच. एकदम मोठी रक्कम भरून जमत नाही, थोडं थोडं पण न चुकता भरावं लागतं.

पुढच्या बैठकीसाठी

१. गेल्या सहा महिन्यांत कंबरदुखीवर प्रत्येकीचा किती खर्च झाला? बेरीज करून फळ्यावर लिहा.
२. आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात फिजिओथेरपी कोणत्या सरकारी रुग्णालयात, कोणत्या वारी मिळते? आशाताईंना विचारून रजिस्टरमध्ये नोंदवा.
३. बैठक सुरू होण्याआधी दहा मिनिटं चारही व्यायाम सगळ्याजणींनी मिळून करा.