घरच्या विजेचा मोबदला : ब्रिटनच्या योजनेचा एक अभ्यास

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, छतावर सोलर बसवले की सरकार पैसे देते म्हणतात. पण सरकार ते पैसे आणते कुठून?" मी बँकेत लिपिक आहे. एका खात्यात रक्कम जमा झाली, तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ती नावे पडलेली असलीच पाहिजे, एवढे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. तरीही त्या दिवशी मी तिला अर्धवट उत्तर दिले. ते पुरे करण्यासाठी नंतर थोडे वाचन केले. उदाहरण ब्रिटनचे घेतले आहे, कारण तेथील योजना सुरू झाली, गाजली, न्यायालयात गेली आणि नव्या अर्जदारांसाठी बंदही झाली. त्यामुळे तिचे खाते वरपासून खालपर्यंत तपासता येते.

या योजनेला तिकडे 'फीड-इन टॅरिफ' म्हणत. मूळ कल्पना जर्मनीची. तेथे १ जानेवारी १९९१ पासून असा कायदा अमलात आला की, सूर्य, वारा, पाणी यांपासून कोणी वीज तयार केली तर वीज कंपनीने ती ठरलेल्या दराने विकत घेतलीच पाहिजे. २००० साली नवा कायदा करून हा दर वीस वर्षांसाठी बांधून देण्यात आला. ब्रिटनने २००८ च्या ऊर्जा कायद्यात तशी तरतूद केली आणि १ एप्रिल २०१० रोजी इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये योजना सुरू केली. सूर्य, वारा, पाणी आणि जैववायू यांवरचे पाच मेगावॉटपर्यंतचे संच तिच्यात बसत. परंतु प्रत्यक्षात बहुतेक सर्व संच छतावरच्या सोलरचेच बसले.

आता मोबदला कसा मिळे ते पाहू. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग वीज तयार केल्याबद्दल. येथे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे : वीज घरातच वापरली तरी हा मोबदला मिळे. घरात त्यासाठी वेगळा मीटर असे आणि त्यावर जेवढी युनिटे पडतील तेवढे पैसे. दुसरा भाग उरलेली वीज तारेत परत सोडल्याबद्दल. लहान संचांना परत जाणारी वीज मोजणारा मीटर नसल्यास, तयार झालेल्या विजेपैकी निम्मी परत गेली असे धरले जाई.

जुन्या घराच्या छतावर चार किलोवॉटपर्यंतचा संच बसवला, तर सुरुवातीचा दर युनिटला ४१.३ पेन्स होता, आणि तारेत सोडलेल्या विजेला वर ३ पेन्स. समजा एका घराने वर्षात ३,००० युनिटे तयार केली. पहिल्या भागाचे १,२३९ पौंड होतात. निम्म्या म्हणजे १,५०० युनिटांचे दुसऱ्या भागाचे ४५ पौंड. एकूण १,२८४ पौंड, आणि स्वतःच्या बिलात झालेली बचत वेगळीच. हा करार पंचवीस वर्षांचा, दर महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला, आणि घरगुती ग्राहकाला त्यावर आयकर नाही. आमच्या काउंटरवर अशी ठेव योजना निघाली असती तर रांग रस्त्यापर्यंत गेली असती!

ही रक्कम कुणाच्या खात्यावर नावे पडत होती? सरकारच्या तिजोरीवर नाही. मोबदला देण्याचे काम वीजपुरवठा करणाऱ्या कंपन्यांवर सोपवले होते. एखाद्या कंपनीकडे सोलरवाले ग्राहक जास्त आणि दुसरीकडे कमी असतील, तर हा भार बाजारातील हिश्श्याप्रमाणे सर्व कंपन्यांत वाटला जाई. चेकच्या समाशोधनात बँका आपापसांतले देणे-घेणे फेडतात, त्याच धर्तीवर हे चाले आणि ऑफजेम ही नियामक संस्था त्यावर देखरेख करी. कंपन्या आपल्या वाट्याचा खर्च अखेर सर्व ग्राहकांच्या बिलांतच घालत. म्हणजे ज्याच्या छतावर सोलर आहे त्याला पैसे मिळत, आणि ज्याला छतच नाही तोही बिलातून त्यात भर घाली. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, एकटी राहणारी पेन्शनर बाई, हिवाळ्यात विजेच्या हीटरवर दिवस काढणारे कुटुंब, हे सगळे त्या पंचवीस वर्षांच्या कराराचे न विचारता झालेले वर्गणीदार होत.

येथे घाईने निकाल देऊ नये. एका बिलामागे ही रक्कम मोठी नव्हती. शिवाय सुरुवातीला असे पैसे दिले नसते तर कोणी संच बसवले नसते, मागणी वाढली नसती आणि पॅनेल स्वस्तही झाले नसते. आज आपल्याकडे जे दर ऐकू येतात, त्यांमागे जर्मनीसारख्या देशांतील ग्राहकांनी भरलेल्या महाग बिलांचा वाटा आहे. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण संच बसवायला त्या काळी दहा हजार पौंडांच्या वर खर्च येई. एवढे पैसे हाताशी असणारा आणि स्वतःचे दक्षिणेकडे तोंड असलेले छप्पर असणारा माणूस कोणत्या थरातला असतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. (माझी पदवी कला शाखेची आहे.) भांडवल नसलेल्यांसाठी काही कंपन्यांनी 'तुमचे छप्पर द्या, पॅनेल फुकट बसवतो' अशी टूम काढली. त्यात घरमालकाला दिवसाची वीज फुकट मिळे, पण मोबदल्याचे पैसे पंचवीस वर्षे कंपनीकडे जात. पुढे २०१२ मध्ये, एकाच मालकाच्या नावावर अनेक संच असतील तर दर ८० टक्केच मिळेल, असा नियम आला. त्याचा चटका या कंपन्यांबरोबर गरिबांना भाड्याने घरे देणाऱ्या संस्थांनाही बसला.

योजना आखताना सरकारने वर्षाला सुमारे ५ ते ८ टक्के परतावा धरला होता. परंतु पॅनेलच्या किमती अपेक्षेपेक्षा फार वेगाने घसरल्या आणि परतावा दोन आकड्यांत गेला. तेव्हा ३१ ऑक्टोबर २०११ रोजी सरकारने प्रस्ताव मांडला की, १२ डिसेंबर २०११ पासून बसणाऱ्या लहान संचांना ४३.३ ऐवजी २१ पेन्स द्यावेत. (महागाईप्रमाणे दर तोवर ४३.३ झाला होता.) लोकांचे म्हणणे मागवण्याची मुदत मात्र २३ डिसेंबरपर्यंत होती. दर कमी करण्याची तारीख आधी आणि लोकांना विचारण्याची मुदत नंतर, असा हा उलटा क्रम! संच बसवणाऱ्यांची एकच धावपळ उडाली. फ्रेंड्स ऑफ द अर्थ ही संस्था आणि दोन सोलर कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचा प्रस्ताव बेकायदेशीर ठरवला. जानेवारी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले, आणि मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे अपील करण्याची परवानगीच नाकारली.

न्यायालयाने दर कमी करू नका असे म्हटले नाही, हा यातला बारकावा आहे. मुदत ठेवीचे उदाहरण घ्या. उद्यापासून व्याजदर उतरवण्याचा अधिकार बँकेला आहे. पण आज ज्याने रक्कम भरून पावती घेतली, त्या पावतीवरचा दर उद्याच्या परिपत्रकाने बदलता येत नाही. नवा नियम रीतसर अमलात येण्यापूर्वी जे संच पात्र ठरले, त्यांचा दर मागे जाऊन कापण्याचा अधिकार कायद्याने मंत्र्याला दिलेलाच नाही, असा निकालाचा आशय होता. त्यामुळे ३ मार्च २०१२ च्या आत नोंदलेल्या संचांना जुना दर मिळाला.

बिल भरणाऱ्या भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर हा निकाल त्याच्या विरुद्ध गेला, कारण जादा भार त्याच्यावरही आला. तरीही मला तो योग्य वाटतो. सरकारने पावतीवर लिहिलेला शब्द फिरवायचा ठरवला, तर त्याची झळ सर्वांत आधी निराधार योजनेच्या यादीतल्या माणसाला बसेल; त्याच्याकडे वकील नसतो. भाडेकरूवर झालेला अन्याय दर बांधताना झाला होता, आणि तो तेथेच रोखायला हवा होता.

पुढची हकिगत थोडक्यात. दर उतरतच गेला. फेब्रुवारी २०१६ पासून लहान सोलर संचाचा दर ४.३९ पेन्स झाला. आपल्या ३,००० युनिटांचे १,२३९ पौंडांऐवजी १३१ पौंड ७० पेन्स. ३१ मार्च २०१९ रोजी नवे अर्ज बंद झाले. तोवर आठ लाखांहून अधिक संच नोंदले गेले होते आणि त्यांचे करार पुढेही चालू राहिले. १ जानेवारी २०२० पासून नव्या ग्राहकांना फक्त तारेत सोडलेल्या विजेचे पैसे मिळू लागले, आणि तो दर कंपनीने ठरवायचा. जर्मनीत मोबदल्याचा भार बिलावर वेगळा दाखवत. २०१७ मध्ये तो युनिटला ६.८८ सेंटपर्यंत चढला होता. १ जुलै २०२२ पासून तो बिलातून काढून केंद्र सरकारच्या निधीवर टाकण्यात आला. म्हणजे नावेची नोंद वीज ग्राहकाकडून करदात्याकडे गेली.

आता त्या विद्यार्थिनीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना या जातीची नाही. तिच्यात युनिटमागे मोबदला नसून संच बसवताना एकदाच अनुदान मिळते, आणि ते केंद्राच्या तिजोरीतून येते. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये, असे दर ठरले. तारेत सोडलेली युनिटे बिलातून वळती होतात. गृहनिर्माण संस्थेला पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार ठरले. अनुदान संच सुरू झाल्यावर बँक खात्यात येते. तोवरची रक्कम स्वतःची किंवा कर्जाची.

मुलीचे घर भाड्याचे आहे आणि मीटर घरमालकाच्या नावावर, हे मला मागाहून कळले. या अनुदानातून तुमच्या घरी काही येणार नाही, असे तिला स्पष्ट सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग सर, आमच्या बिलातून दुसऱ्या कशाकशाचे पैसे जातात ते तरी दाखवा." पुढच्या रविवारी वर्गातील सर्वांनी आपापल्या घरचे वीज बिल आणायचे, असे ठरले आहे.