जाळं फेकणारा कोळी : डायनोपिस



"कोळी जाळे विणतो आणि भक्ष्य अडकण्याची वाट पाहतो" हे वाक्य आपण वर्षानुवर्षं शिकवतो. ते चूक नाही, पण अपुरं आहे. आज ओळख करून घेऊ अशा कोळ्याची, जो वाट पाहत बसत नाही, तर जाळं हातात धरून भक्ष्यावर टाकतो. आपल्या भाषेत मासे पकडणाराही कोळीच! खाडीत पाग फेकणारा कोळी ज्या मुलांनी पाहिलाय, त्यांना हा धडा लगेच कळेल.

नाव आणि वर्गीकरण

प्रजातीचं नाव डायनोपिस. ग्रीक भाषेत अर्थ 'भीतिदायक चेहऱ्याचा'. मॅकले यांनी १८३९ मध्ये ही प्रजाती नोंदवली. क्युबातली डायनोपिस लामिया आणि फ्लोरिडातली डायनोपिस स्पायनोसा या तिच्या दोन जाती. मुलांना सांगताना प्रजाती म्हणजे आडनाव, जाती म्हणजे नाव, असं सांगा. आडनावं बदलतातही बरं का! ऑस्ट्रेलियातली डायनोपिस सबरुफा २०२० मध्ये एशियानोपिस या नव्या प्रजातीत गेली.

शिकार कशी करतो?

१. दिवसा पाय लांब करून काटकीसारखा निपचित पडून राहतो.
२. रात्री टपाल तिकिटाएवढं चौकोनी जाळं विणतो. त्याचे धागे चिकट नसतात, पिंजलेल्या लोकरीसारखे असतात. किड्याचे पाय त्यात गुंततात.
३. पुढच्या चार पायांत जाळं धरून उलटा लटकतो.
४. खालून किडा गेला की जाळं ताणून त्याच्यावर झडप घालतो.

अंधारात दिसतं कसं? त्याच्या आठ डोळ्यांपैकी दोन प्रचंड मोठे असतात. सबरुफाच्या डोळ्यांतला प्रकाश टिपणारा पडदा रोज संध्याकाळी नव्याने बनतो आणि पहाटे मोडला जातो.

वर्गात विचारण्याजोगा प्रश्न

स्पायनोसाचे मोठे डोळे संशोधकांनी झाकून पाहिले. जमिनीवरून चालणारे किडे त्याला नीट पकडता येईनात. उडणारे मात्र तो पकडतच राहिला! इथे थांबा. उत्तर सांगू नका. मुलांना विचारा, "मग त्याला कळलं कशावरून?"

कुणी म्हणेल वासावरून, कुणी वाऱ्यावरून. प्रत्येक उत्तरावर एकच प्रश्न विचारा, "हे तपासायचं कसं?" मग सांगा : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की कान नसलेला हा कोळी पायांवरच्या संवेदी अवयवांनी ऐकतो, तेही दोन मीटरवरचा आवाज! माशी-डासाच्या पंखांसारखा आवाज ऐकवला की तो मागे वळून जाळं फेकतो.

खरा धडा इथेच आहे. माहिती परीक्षेनंतर विसरली जाते, पण "तपासायचं कसं?" हा प्रश्न मुलांजवळ राहतो.

घरचा उपक्रम

पालकहो, कोपऱ्यातल्या कोळ्यावर झाडू फिरवण्याआधी मुलांना दहा मिनिटं त्याच्यासमोर बसू द्या. पाय मोजू द्या : आठ. म्हणजे तो कीटक नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेल. जे दिसलं ते वहीत दोन ओळींत लिहायला सांगा, आणि एक ओळ प्रश्नासाठी मोकळी ठेवायला विसरू नका.