उघाडीचे दार आणि घरचा भात

वडखळहून अलिबागकडे जाताना खारेपाटाची सपाट भातशेती लागते. भरतीच्या वेळी तिथल्या बांधावर उभे राहून पाहा. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस भात. आणि खाडीचे पाणी शेतापेक्षा उंच! मग शेत बुडत कसे नाही?

बांधात 'उघाडी' असते. तिचे दार वरच्या कडेला टांगलेले असून फक्त खाडीच्या बाजूस उघडते. समजा, दार एक मीटर लांब-रुंद आहे. बाहेर तळापासून २ मीटर पाणी आहे, आत अर्धा मीटर. बाहेरून दारावर सरासरी दीड मीटर खोलीचा दाब, म्हणजे सुमारे दीड टन भार पडतो. आतून जेमतेम सव्वाशे किलोग्रॅम. दार घट्ट मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी दार ढकलून निघून जाते. वीज नको, पंप नको.

पण दार मिटलेले असताना जोराचा पाऊस आला तर? तेव्हा शेत हेच तळे होते. १०० हेक्टरांवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी; खोली १० सेंटिमीटर. नुकत्याच लावलेल्या वीतभर रोपाला ते सोसते. आता निम्म्या शेतावर भराव टाका. पाणी तेवढेच, जागा निम्मी, खोली २० सेंटिमीटर! रोपांचे शेंडेच काय ते वर राहतील. डोंगरावरचे ओहोळ धरले तर तेही नाहीत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत खऱ्या, पण बुडणे निराळे.

गंमत अशी, की नुकसान जमीन विकणाऱ्याचे होत नाही; न विकणाऱ्याचे होते. त्याच्या घरचा वर्षाचा तांदूळ जातो, शेततळ्यातले जिताडे वाहून जातात आणि तो वाण्याच्या दुकानी उभा राहतो.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने शेजारी नवी मुंबई वसवली, तेव्हा पावसाचे पाणी भरतीच्या वेळी थोपवायला धारण तलाव केले आणि त्यांना भरतीला मिटणारी दारे बसवली. म्हणजे उघाडीच की! पुढे त्या तलावांत गाळ साचला, खारफुटी वाढली; तिला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ उपसायलाही परवानगी लागते. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, पाच जणांचे बळी गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. तो हिशेब जमिनीचा होता. पाणी साठवणाऱ्या जागेचा हिशेब, माझ्या मते, भरावाची परवानगी देतानाच मांडायला हवा. तो आठवीच्या गणिताहून अवघड नाही.

तुमच्या गावी उघाडी असेल तर एक करा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता. त्या वेळेच्या दोन-तीन तास आधी मोठ्या माणसांबरोबर बांधावर जा, दार किती वेळ मिटलेले राहते ते मोजा. गावच्या नकाशावरून भरावाखालचे क्षेत्र काढा आणि वरचे उदाहरण स्वतःच्या आकड्यांनी सोडवा.