विद्याशाखा की संशोधन संस्था? – गुडूचीच्या निमित्ताने

केवळ एका शास्त्राच्या अध्ययनाने शास्त्रनिश्चय होत नाही, म्हणून वैद्याने बहुश्रुत असावे, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानातील प्रभाषणीय अध्यायात सांगतात. आपल्या विद्यापीठांची घडण मात्र याच्या उलट आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या शाखा एका छत्राखाली आल्या. परंतु हे प्रामुख्याने संलग्नता देणारे विद्यापीठ होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा विषय, मार्गदर्शक व परीक्षक बहुधा त्याच्याच विद्याशाखेतील असतात. छत्र एक, चुली मात्र निराळ्या!

अमेरिकेतील पोर्टलंड येथील ओरेगॉन आरोग्य व विज्ञान विद्यापीठाने दुसरी वाट धरली. तेथे विभागांच्या जोडीला मज्जाशास्त्र, कर्करोग, हृद्रोग अशा विषयांभोवती संस्था उभ्या राहिल्या. विद्यापीठातील डॉ. ब्रायन ड्रुकर यांच्या परिश्रमांतून पुढे आलेल्या इमॅटिनिब या औषधास २००१ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोग संस्थेला तिचे आजचे नाव २००८ मध्ये मिळाले. म्हणजे आधी काम, मग पाटी. हा क्रम आपल्याकडे अनेकदा उलटा असतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

आपल्या व्यवसायाशी याचा संबंध काय, हे गुडूचीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. जानुसंधिगत वातावर गुडूची व शुंठीयुक्त कल्पांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना करणारा अभ्यास पुण्यातील संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने झाला व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्प तुल्यबल ठरले. तथापि काही रुग्णांत लक्षणांवाचून एस.जी.पी.टी. वाढले व औषध थांबवताच पूर्ववत झाले. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. द्रव्याची ओळख पटवलेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश वेल असू शकते, असे म्हटले. दोन्ही पक्ष वृत्तपत्रांतून बोलले. द्रव्यगुणाचे अध्यापक, वनस्पतिशास्त्रज्ञ, यकृततज्ज्ञ व विकृतिविज्ञानाचे जाणकार यांना एकाच रुग्णपत्रिकेभोवती बसवणारे स्थान त्या वेळी कोठे होते?

यकृतरोगांची एखादी बहुविद्याशाखीय संस्था विद्यापीठात असती, तर रुग्णाने घेतलेल्या चूर्णाचा नमुना, यकृताची तपासणी आणि प्रकृती-मात्रा-अनुपानाची नोंद एकत्र पाहता आली असती. अशा संस्थेत आयुर्वेदाचे स्थान पाहुण्याचे नसावे. प्रश्न ठरवण्यापासूनच वैद्य सहभागी हवा. अन्यथा आपले द्रव्य प्रयोगशाळेत जाईल आणि संस्कार, काल, अग्नी यांचा विचार दाराबाहेर राहील.

तोवर औषधी विक्रेत्यांनी प्रत्येक घाण्याचा क्रमांक व पुरवठादार नोंदवून मूळ द्रव्याचा थोडा नमुना जपून ठेवावा. वैद्यबंधूंनी गुडूची दीर्घकाळ देताना पूर्वीचा यकृतविकार व मद्यपान आवर्जून विचारावे आणि संशयित उपद्रव औषधदक्षता केंद्रास कळवावा.